आयरिशमधले अवयव लेकीला शिकवायचे आहेत, मराठीतून शिकवू का?

समुद्रफेस
नमस्कार मंडळी. आम्हाला डब्लिनला येऊन चार वर्षं झाली. लेक सात वर्षांची आहे, इथल्या प्राथमिक शाळेत जाते. इथे शाळेत आयरिश सगळ्यांनाच असते. सध्या वर्गात ‘अन कॉर्प’ म्हणजे शरीर चालू आहे. माणसाचं एक चित्र, बाजूला रेघा, आणि प्रत्येक रेघेवर अवयवाचं नाव लिहायचं.

परवा अभ्यासाला बसलो तेव्हा मी इंग्रजीतून विचारत होते. फूट म्हणजे काय? कॉस. लेग म्हणजे? कॉस. हँड? लॉव्ह. आर्म? लॉव्ह. मला वाटलं तिचं काहीतरी चुकतंय, म्हणून वही बघितली तर तेच. तेवढ्यात ती म्हणाली, "आई, आपण पण दोन्हीला पायच म्हणतो ना?" मी तिच्याकडे बघतच राहिले. पुढे पायाचं बोट आलं. आयरिशमध्ये ‘मेर कॉशा’. मेर म्हणजे बोट, कॉशा म्हणजे पायाचं. शब्दाला शब्द मराठी! अंगठा हाताचा असो वा पायाचा, ‘ओर्डोग’च.

म्हणून विचारते, इंग्रजी मधून काढून टाकून सरळ मराठीवरून शिकवलं तर पुढे घोळ होईल का? आणि दुसरी अडचण म्हणजे, हे शब्द तोंड का बदलतात? कॉस म्हणजे पाय, पण ‘माझा पाय’ म्हणताना ‘मो खॉस’. सूल म्हणजे डोळा, पण माझा डोळा ‘मो हूल’. ती रडकुंडीला येते. कुणाची मुलं यातून गेली असतील तर सांगा.

खडीसाखर
मो हूल! म्हणजे डोळ्यानं हूल दिली. पोरीला असंच सांग, जन्मात विसरणार नाही.

शेवटचा_बाक
माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका. ज्या भाषेत दुकानात साधं दूधही मागावं लागत नाही, ती घोकण्यात मुलांचा वेळ कशाला? मोठ्या वयात आलेल्या मुलांना आयरिशमधून सूट मागता येते, तशी सगळ्यांनाच हवी. त्या वेळात देवनागरी घटवून घ्या.

समुद्रफेस
@शेवटचा_बाक, राग नाही. पण माझी लेक त्याच अभ्यासात बसून पहिल्यांदा मराठीबद्दल आपणहून काहीतरी बोलली. माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे.

रानजाई
शब्दाचं तोंड बदलतं त्याबद्दल. माझा मुलगा आता पाचवीत आहे, आम्ही कॉर्कला राहतो. मी त्याला सामान्यरूपाची आठवण करून दिली. आपण ‘डोळा’ म्हणतो, पण ‘डोळ्यात’. ‘पाय’, पण ‘पायाला’. नामाला काही चिकटलं की आपल्याकडे शब्दाचं शेपूट हलतं, त्यांच्याकडे डोकं हलतं. हे एकदा कळलं की भीती जाते.

सुरुवातीला एवढं पुरतं: ‘मो’ आलं की क चा ख, ब चा व, स चा ह. क्लूअस (कान), मो ख्लूअस. बेल (तोंड), मो व्हेल. स्रोन (नाक), मो ह्रोन. लॉव्ह मात्र लॉव्हच राहतो, तेवढाच दिलासा.

खरी गंमत ‘त्याचा’ आणि ‘तिचा’मध्ये आहे. दोन्हीला शब्द एकच, नुसता ‘अ’. ‘अ हूल’ म्हणजे त्याचा डोळा, ‘अ सूल’ म्हणजे तिचा डोळा. कुणाचा डोळा ते डोळ्याच्याच पहिल्या अक्षरावरून कळतं. मुलाला मी आरशासमोर उभं करून हे करून घेतलं. बाबांचं नाक, ताईचं नाक, बाबांचा कान, ताईचा कान. चार दिवसांत बसलं.

मूगभजी
बोलगची गोष्ट सांगा की कुणीतरी. पोट लिहितात ‘बोल्ग’ पण म्हणतात ‘बोलग’. आमच्या आजोळी जन्माचं जनम आणि धर्माचं धरम होतं, अगदी तस्संच. माझ्या मुलीची शिक्षिका म्हणाली, बाकीच्या मुलांना तो मधला अ वर्षभर सांगावा लागतो, हिला पहिल्या दिवशी जमला.

धातुपाठ
ताई, बेलाशक मराठीतून शिकवा. पाय आणि हात जुळले तो नुसता योगायोग म्हणून सोडून देऊ नका, शरीर कुठे कापून कुठे नाव द्यायचं ही प्रत्येक भाषेची आपापली रीत असते. इंग्रजी कमरेपासून खाली दोन तुकडे करते, मराठी आणि आयरिश करत नाहीत. त्यामुळे इंग्रजीतून गेलात की नसलेला तुकडा शोधत बसावं लागतं.

आता थोडं खोलात जातो, कारण हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. आयरिश आणि मराठी दूरच्या का होईना, पण एकाच घराण्यातल्या. कान म्हणजे क्लूअस हा ऐकण्याच्या धातूपासून आलेला, आपल्या ‘श्रु’, ‘श्रवण’चा भाऊ. नख म्हणजे ‘इंगा’, तोही आपल्या नखाच्याच मुळाचा. गुडघा ‘ग्लून’, संस्कृत ‘जानु’शी त्याचं नातं सांगतात. काळीज ‘क्री’, हृदयाच्या कुळातलं. आणि डोळा, ‘सूल’, हा मुळात सूर्याचा शब्द! सूर्याला आभाळाचा डोळा म्हणणारे आपणही आहोतच.

सगळ्यात मला आवडतो तो ‘कॉस’. लॅटिनमध्ये हाच शब्द ‘कोक्सा’, म्हणजे कंबरेचा खुबा. संस्कृतमध्ये ‘कक्ष’, आणि त्याची मराठीत झाली काख. एकच शब्द, आयर्लंडात पाय होऊन चालायला लागला आणि आपल्याकडे बगलेत जाऊन बसला.

खडीसाखर
म्हणजे काखेत कॉस आणि गावाला वळसा.

सातारकर
मग दाताचं काय? तुमच्या म्हणण्याप्रमाणे दंत असायला हवा. पण वही बघा, ‘फीअकल’ आहे. असं सोयीचं तेवढं घेऊन नाती जुळवायला लागलो तर स्रोन म्हणजे श्रोणी असंही कुणी सांगेल. व्हॉट्सॲपवर असले लेख रोज येतात, आयर्लंड म्हणजे आर्यलंड वगैरे.

धातुपाठ
@सातारकर, रास्त प्रश्न. दात रोजच्या वापरात फीअकल झाला खरा, पण जुना शब्द मेला नाही. ‘देड’ म्हणजे दातांची अख्खी कवळी, तो दंताचा सख्खा. स्रोन आणि श्रोणीचा काही संबंध नाही. आवाज सारखा वाटला म्हणजे नातं ठरत नाही, उलट खरं नातं बहुतेक वेळा कानाला पटतच नाही. आयरिश ज्या केल्टिक शाखेतली, त्या शाखेत जुना ‘प’ शब्दाच्या तोंडून गळून पडला. त्यामुळे पितृचा तिकडे ‘अहिर’ झाला, आणि लॅटिन ‘पाल्मा’ म्हणजे तळहात, तो ‘लॉव्ह’ झाला. नियम असा ओळीनं लागू होत असेल तरच नातं. आर्यलंडवाल्यांना हे सांगायला मी तुमच्यासोबत येतो.

घाटमाथा
भाषाशास्त्रात मला गती नाही, पण गेल्या वर्षी दहा दिवस तिकडे डोंगर फिरून आलो. नकाशा हातात घेतला आणि सगळीकडे अंगच अंग. आपण जशी डोंगराची सोंड, खांदा, माथा, पायथा म्हणतो तसं. पाठ म्हणजे ‘ड्रीम’, डोंगराच्या लांबट कण्यालाही तोच शब्द. डब्लिनमधलं ड्रमकोंड्रा त्यातूनच. बेलफास्टमधलं ‘बेल’ म्हणजे तोंड, वाळूच्या दांड्याजवळचं मुख. किन्सेलमधलं ‘किन’ म्हणजे डोकं, खाऱ्या पाण्याचा माथा. मेयोमधलं बॅलिना ऐकून वाटतं बाकीच्या बॅलींसारखं हेही ‘गाव’वालं नाव असेल, पण ते नदी पायी ओलांडायच्या उताराचं तोंड आहे.

आणि आर्मा परगण्यात टँड्रागी नावाचं गाव आहे. मूळ नाव ‘टोन रे ग्वी’, म्हणजे वाऱ्याकडे बूड करून बसलेलं. टेकडीवरचं गाव, वारा पाठीमागून. सह्याद्रीत अशी पन्नास गावं दाखवतो ज्यांना हे नाव शोभेल.

मूगभजी
बूड! बरोब्बर. भांड्याचंही बूड आणि माणसाचंही. त्यांचं टोन पण तसंच का?

घाटमाथा
हो, कशाचाही तळ म्हणजे टोन. शिवाय त्या शब्दाची एक जगप्रसिद्ध शिवी आहे, मुलं धाग्यात असल्यामुळे लिहीत नाही.

शेवटचा_बाक
ती एक मला माहीत आहे. आयरिश येत नाही म्हणायची सोय राहिली नाही.

पश्चिमवारा
धागा शोधत शोधत इथे आले. मी परिचारिका आहे, मूळची सांगलीची. गॉलवेच्या पश्चिमेला आयरिश बोलणारा भाग आहे तिथल्या एका वृद्धाश्रमात काम करते. @शेवटचा_बाक दादा, तुम्ही म्हणालात त्यावर माझा अनुभव लिहिते.

आमच्याकडे एक आजी होत्या, नव्वदीच्या. स्मृतिभ्रंशामुळे इंग्रजी हळूहळू गळून गेली आणि उरली लहानपणची भाषा. एका रात्री सारख्या ‘मो घ्रीम, मो घ्रीम’ करत होत्या. त्या पाळीला आयरिश येणारं कुणी नव्हतं. मी मोबाइलवर शब्दकोश काढला आणि ग पासून सुरू होणारे शब्द धुंडाळत बसले. काही सापडेना. पाणी दिलं, उशी बदलली, त्यांचं चालूच. पहाटे स्वयंपाकघरातल्या बाई आल्या, त्यांनी दारातूनच ऐकलं आणि म्हणाल्या, अगं पाठ दुखतेय त्यांची. मूळ शब्द ‘ड्रीम’. मो आलं की ड चा घ होतो, घशातून घासून काढलेला. मी शोधत होते ग मध्ये आणि शब्द होता ड मध्ये. रात्रभर त्या एका अक्षरासाठी आजी कुशीवर वळायच्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी अंगाचा तक्ता केला. डावीकडे मराठी, मध्ये नुसता शब्द, उजवीकडे ‘माझा’ लावून. गुडघा, ग्लून, मो घ्लून. पाठ, ड्रीम, मो घ्रीम. डोकं, क्यान, मो ख्यान. औषधांच्या कपाटाच्या दाराच्या आत चिकटवला. केरळच्या मुलींनी त्यातून त्यांचा मल्याळम तक्ता केला. समुद्रफेस ताई, लेकीला ‘कॉस’ वेगळं आणि ‘मो खॉस’ वेगळं शिकवूच नका. जोडीनंच शिकवा. दुखणारा माणूस कधी ‘पाय’ म्हणत नाही, ‘माझा पाय’ म्हणतो.

आणखी एक. तिथे दुखणं माणसाला ‘असत’ नाही, ते माणसावर येतं. डोकं दुखतं म्हणजे ‘टॉ टिन्यस किन ओरम’, डोक्याचं आजारपण माझ्यावर आहे. भूक पण अंगावर, सर्दी पण अंगावर. आपण नाही का म्हणत, ताप अंगावर काढला?

रानजाई
पश्चिमवारा, तक्ता इथे टाकाल का? हात जोडून विनंती.

शेवटचा_बाक
पश्चिमवारा ताई, मी माझं पहिलं वाक्य मागे घेतो. तरीही एक विचारतो, असे बोलणारे उरलेत किती?

पश्चिमवारा
२०२२ च्या जनगणनेत १८ लाखांहून जास्त लोकांनी आयरिश येते असं सांगितलं. पण शाळेबाहेर रोज बोलणारे साधारण ७२ हजार. आमच्या आजी त्या ७२ हजारांतल्याच एक. तक्ता रविवारी टाकते, सध्या रात्रपाळी आहे.

गलबत
ऐका, यात आमच्या मालवणचं नाव अजून कुणीच कसं काढलं नाही! वराड गावचे वराडकर तिथले पंतप्रधान झाले, एकदा नव्हे दोनदा.

सातारकर
गलबत, धागा अवयवांचा आहे.

गलबत
मग मान ताठ झाली असं लिहितो. मान हा अवयवच.

धातुपाठ
@गलबत, मान काढलीत ते बरं झालं. जुन्या आयरिश कायद्यात प्रत्येक माणसाच्या प्रतिष्ठेची किंमत ठरलेली असे, अपमान केला की ती भरायची. तिचं नाव ‘लोग नेनेख’, शब्दशः ‘तोंडाची किंमत’, म्हणजे चेहऱ्याची. आपली अब्रू नाकात असते, त्यांची चेहऱ्यात. तरी तोंड दाखवायला जागा उरली नाही हे आपण म्हणतोच.

मालवणहून तिकडे गेलेलं नाव निघालं, तर तिकडून इकडे आलेलंही सांगायला हवं. जॉर्ज ग्रिअर्सन हे डब्लिनजवळचे. तिथल्याच ट्रिनिटी कॉलेजात संस्कृत शिकून भारतात आले आणि भाषांची अवाढव्य पाहणी त्यांनी उभी केली. तिचा मराठीवरचा खंड १९०५ चा. प्रत्येक बोलीतून मागवायच्या शब्दांची एक ठरीव यादी होती, आणि तिच्यात काय होतं? हात, पाय, नाक, डोळा, तोंड, दात, कान, केस, डोकं, जीभ, पोट, पाठ. ताई, तुमच्या लेकीच्या वहीतलंच चित्र. तेव्हा डब्लिनचा माणूस आपल्याकडे विचारत होता, आता आपली मुलगी डब्लिनमध्ये उत्तरं लिहितेय.

समुद्रफेस
धातुपाठ, हे तिला वाचून दाखवलं. "त्या आजोबांना ‘ग्रूअग’ म्हणजे केस माहीत होतं का?" असं विचारतेय.

ताम्हण
मी उशिरा आले, पण एकाही प्रतिसादात अर्ध्या डोळ्याचं नाव नाही याचं नवल वाटलं. आयरिशमध्ये जोडीनं असलेला अवयव ही एकच वस्तू धरतात. दोन डोळे मिळून एक नजर. त्यामुळे एकच डोळा असलेल्या माणसाला ‘ल्याहूल’, म्हणजे अर्धा डोळा. एक पाय ‘ल्याखॉस’, अर्धा पाय. एक हात, अर्धा हात. जोडीतला एकच बूट असेल तर तो अर्धा बूट, जुळ्यांतलं एक मूल म्हणजे अर्धं जुळं. संस्कृतात द्विवचन होतं, मराठीनं टाकून दिलं. जुन्या आयरिशमध्येही होतं, आणि आजही ‘दोन हात’ म्हणताना हाताचं रूप काही बोलण्यात वेगळं होतं, त्याची खूण उरली आहे.

खडीसाखर
आमच्याकडे अर्धांगिनी आहे, तेवढं द्विवचन पुरतं.

ताम्हण
:) आणि दत्तक. छातीला, कुशीला ‘उख्त’. त्यावरूनच मूल दत्तक घेण्याचा शब्द आला, ‘उख्तू’, उराशी घेणं. आपण मांडीवर घेतो, ते उराशी. मी स्वतः दत्तक मूल वाढवते आहे, म्हणून हा शब्द मला पहिल्या दिवसापासून पाठ आहे.

रानजाई
ताम्हण, किती सुंदर सांगितलंस.

सूलचं एक राहिलं. ‘टॉ सूल अगम’, शब्दशः ‘माझ्याकडे डोळा आहे’, पण अर्थ ‘मला आशा आहे’. वाटेकडे डोळे लावून बसणं आलं ना यात? इंग्रजीतून समजवायला गेले तर मुलगा तोंड वेडंवाकडं करायचा, मराठीतून लगेच कळलं.

मूगभजी
पण उच्चार कुणाचा खरा? आमच्या ॲपमधली बाई डोक्याला ‘क्यान’ म्हणते, शाळेत ‘क्याउन’ म्हणतात. शेजारच्या डोनेगलच्या काकू तर हाताला ‘श्कीहान’ म्हणतात, तो कुठला शब्द?

पश्चिमवारा
तो पंखाचा शब्द, काही भागांत हाताला वापरतात. क्याउन दक्षिणेकडचं. तिन्ही खरे. शाळेत शिक्षिका ज्या बाजूची असेल तसं येतं. वऱ्हाडी, मालवणी ऐकून मोठ्या झालेल्यांना यात अडचण पडू नये. लेकीनं शाळेतलं धरावं, बाकीचं कानावर पडू द्यावं.

शेवटचा_बाक
माझ्या धाकट्याला हा धागा वाचून दाखवला. आता घरात कुणी टाळ्या वाजवल्या की ओरडतो ‘बूअला बॉस’. तळहात बडवणं म्हणे. हे मी शिकवलेलं नाही, शाळेतूनच आलंय. इतके दिवस मी लक्षच दिलं नव्हतं.

समुद्रफेस
सगळ्यांचे मनापासून आभार. मी काय केलं ते सांगते. इंग्रजी बाजूला ठेवली. पश्चिमवारांच्या सांगण्याप्रमाणे शब्द जोडीनं घेतले आणि रानजाईचा आरसा घेतला. परीक्षा तोंडावर होती, ती झाली. चित्रातल्या सगळ्या रेघा बरोबर आल्या. ‘तिचा कान’ आणि ‘त्याचा कान’ही.

आणि काल एक झालं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. व्हिडिओ कॉलवर रत्नागिरीच्या आजीला ती सगळं अंग दाखवून सांगत होती. आजीनं विचारलं, "आणि काखेला काय म्हणतात गो?" तिला येईना. मग आम्ही शब्दकोशात बघितलं. ‘आसकल’. शब्द बघून ती एकदम गप्प झाली, मग चपला घालून मला ओढत खाली घेऊन गेली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी निळी पाटी आहे. खाली मोठ्या अक्षरात इंग्रजी नाव, शेवटी ॲव्हेन्यू. वर बारीक तिरप्या अक्षरात आयरिश, आणि त्यातला पहिलाच शब्द आसकल. त्यांच्याकडे ॲव्हेन्यूला आणि काखेला एकच शब्द आहे. चार वर्षं आम्ही रोज त्या पाटीखालून जातोय.

आजी फोनवर होतीच. तिला सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे काखेतच राहता की तुम्ही. कळसा सापडला का?"

धातुपाठ
आजींना माझा नमस्कार सांगा. तक्त्यात काख घालायला विसरू नका.

पश्चिमवारा
घातली.